उंबरठ्याबाहेरच्या चपला

कोकणात संग्रहालयाचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. एक हताश: "आपल्या लोकांना आवडच नाही हो, म्युझियम बांधून बघणार कोण?" दुसरं उत्साही: "जरा मॉडर्न करा, लाइट-साउंड लावा, सेल्फी पॉइंट करा, टुरिस्ट आपोआप येतील." पहिलं बहुधा निवृत्त शिक्षकाच्या तोंडी, दुसरं लॉजवाल्याच्या किंवा पुढाऱ्याच्या. दोघं तावातावाने भांडतात, आणि गंमत म्हणजे मुद्द्याच्या ठिकाणी दोघांचं एकमत असतं. इथल्या माणसाला दोघेही प्रेक्षकांत धरत नाहीत. एकाने त्याला नापास केलंय, दुसऱ्याने त्याचं नावच हजेरीपटावर घेतलेलं नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. संग्रहालयाचा पहिला प्रेक्षक म्हणजे त्याच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत राहणारा माणूस. तो आत का येत नाही हे त्यालाच जाऊन विचारल्याशिवाय नव्या इमारतीवर आणि नव्या पडद्यांवर रुपया खर्च करू नये.

आधी आवडीचं बघू. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही जत्रेत रात्री दशावताराला जाऊन बसा. थंडी पडलेली, खाली चटई, अंगावर घोंगडी, मांडीवर झोपलेलं पोर. समोर चाललेलं आख्यान प्रत्येकाला पाठ. राक्षस मरणार हे ठाऊक, कसा मरणार तेही ठाऊक. तरी माणसं पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत हलत नाहीत, आणि संवादात नट चुकला तर मागच्या रांगेतला म्हातारा तिथल्या तिथे पकडतो. इकडे रत्नागिरीत गणपतीत जाखडीच्या, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जवाबी नाचगाण्याच्या, बारीला शक्तीवाल्यांनी टाकलेला सवाल तुरेवाल्यांनी नीट फोडला की नाही, यावर दुसऱ्या दिवशी एसटीत वाद चालतात. चिकाटी, स्मरणशक्ती, दाद देण्याची आणि चूक काढण्याची ताकद, चांगल्या प्रेक्षकाला आणखी काय लागतं? हाच माणूस संग्रहालयाच्या दारात आला की त्याची आवड अचानक कुठे जाते?

ही तक्रार आजची नाहीच. मद्रासच्या संग्रहालयाचे पहिले प्रमुख एडवर्ड बाल्फर यांच्या लक्षात आलं की आवारात जिवंत जनावरं ठेवली की माणसांची रीघ लागते. 1855 साली त्यांनी तिथेच प्राणिसंग्रहालय सुरू केलं. लोकांनी पुढे दोन्हींना नावंही ठेवली, एक जिवंत कॉलेज आणि एक मेलेलं कॉलेज. मुंबईचं तेच. 1872 साली लोकांसाठी उघडलेलं, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जाणारं संग्रहालय राणीच्या बागेला लागून आहे, आणि कोकणातून मे महिन्यात मुंबईला गेलेल्या कित्येक पोरांनी आयुष्यातलं पहिलं संग्रहालय हत्ती बघून झाल्यावर पाहिलं. त्या काळचे साहेब कुरकुरायचे, नेटिव लोक शिकायला येत नाहीत, नुसते तोंड उघडून बघत फिरतात. तोंड उघडून बघणं म्हणजे अचंबा, आणि अचंब्यातूनच पुढचा प्रश्न फुटतो, हे साहेबाला सुचलं नाही. आमचे निवृत्त गुरुजी आज 'लोकांना आवड नाही' म्हणतात तेव्हा तो जुना साहेबच त्यांच्या तोंडून बोलत असतो.

एक प्रसंग सांगते. कुठल्या संग्रहालयातला ते महत्त्वाचं नाही, किनाऱ्यावर असं कुठेही घडू शकतं. माझ्या आत्याला घेऊन गेले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत. दारात पोचलो तर पायरीच्या बाजूला सात-आठ चपलांचे जोड. चपला काढा अशी पाटी कुठेही नव्हती, कुणी सांगितलंही नव्हतं. आमच्या आधी खेड्यातलं एक कुटुंब आत गेलं होतं आणि त्यांनी त्या आपणहून काढल्या होत्या. आत्यानेही काढल्या. आत तोफगोळे, नाणी, कुठल्याशा सरदाराची तलवार. आत्या हात मागे बांधून, श्वास रोखल्यासारखी पुढे सरकत होती. शेवटच्या खोलीत घरगुती वस्तू होत्या. तिथे एका विणलेल्या भांड्याखाली चिठ्ठी होती, 'बांबूची टोपली'. आत्या थांबली. "टोपली कसली गो ही? रोवळी ती. तांदूळ धुवायची. पाणी खाली जातं, दाणा राहतो." मग ती सुटलीच. वीण केवढी हवी, जास्त दाट झाली तर काय होतं, जास्त विरळ झाली तर काय होतं, ती विणणारा माणूस पावसाआधी कसा यायचा आणि मोबदल्यात पैसे न घेता भात कसा न्यायचा, नव्या सुनेला रोवळी हलवता येते की नाही यावरून सासू तिची परीक्षा कशी घ्यायची. कॉलेजची चार-पाच मुलं शेजारी येऊन उभी राहिली. एकीने फोन काढून रेकॉर्ड करायला घेतलं. पंधरा मिनिटं ती खोली भरून गेली होती. दाखवता दाखवता आत्याचा हात रोवळीकडे गेला आणि खुर्चीतून आवाज आला, "मावशी, हात लावू नका." आत्या गप्प झाली, मुलं पांगली. शिपायाची चूक नव्हती, त्याला तेवढंच सांगितलेलं होतं. पण त्या इमारतीत त्या दिवशी सगळ्यात चांगली माहिती जिने दिली तिची नोंद कुठे झाली? अभिप्रायाच्या वहीत आमच्या आधीची पाच पानं मी चाळली. 'छान', 'खूप छान', 'माहितीपूर्ण'. आत्याने सही केली. चिठ्ठी 'टोपली'च राहिली.

प्रेक्षक समजून घेणं म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या खोलीत आहे. वही सांगते कोण आले. फाटकापर्यंत येऊन परत फिरलेल्यांचा रकाना तिच्यात नसतो. त्यांच्यासाठी एसटी स्टँडवर, मच्छी मार्केटात, रेशनच्या रांगेत जाऊन बसावं लागतं आणि विचारावं लागतं, बाबांनो, का येत नाही? मी माझ्यापरीने विचारून पाहिलंय, फार शास्त्रशुद्ध वगैरे नाही. 'वेळ नाही' हे उत्तर पहिलं येतं आणि ते खोटं असतं. जरा बोलतं केलं की खरं बाहेर येतं: "आत सोडतात काय आपल्याला?" "तिथे काय बोलायचं ते कळत नाय." एका रिक्षावाल्याने सांगितलेलं तर विसरता येत नाही. त्याला पर्यटक रोज विचारतात, इथे बघण्यासारखं काय आहे? तो किनारा सांगतो, देऊळ सांगतो, किल्ला सांगतो. आणि संग्रहालय? "काय नाय, जुन्या वस्तू आहेत, असं सांगतो." स्वतः कधी गेलाय का? नाही. पर्यटक खेचायला निघालेल्यांनी हा हिशेब मांडावा. तुमची सगळी जाहिरात त्या रिक्षाच्या पुढच्या सीटवर बसलेली आहे, आणि तिला आत काय आहे हेच ठाऊक नाही.

'आत सोडतात काय' हा प्रश्न या किनाऱ्यावर हलक्यात घेण्यासारखा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 साली जे घडलं ते पाण्यापर्यंत पोचायच्या हक्कासाठी. रत्नागिरीत 1931 साली पतितपावन मंदिर उभं राहिलं, कारण बाकीच्या देवळांच्या पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या. पिढ्यान् पिढ्या ज्यांना दगडी पायरीखाली थांबवलं गेलं, त्यांच्या नातवंडांनी सरकारी दगडी इमारतीसमोर आपणहून चपला काढल्या, तर त्याचा अर्थ 'आवड नाही' असा लावायचा? तिकीट कमी करून किंवा काढून टाकून हे सुटेल, असंही काहींना वाटतं. ब्रिटनने 2001च्या डिसेंबरात राष्ट्रीय संग्रहालयांचं तिकीट काढून टाकलं. गर्दी भरमसाट वाढली. पण गर्दीतली माणसं बरीचशी तीच राहिली, शिकलेली, खाऊनपिऊन सुखी, आधी एकदा यायची ती आता तीनदा येऊ लागली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिए यांनी त्याच्या कितीतरी आधी, 1960च्या दशकात, युरोपातल्या कलासंग्रहालयांची पाहणी करून हेच दाखवलं होतं. दार उघडं असतं, पण ते आपल्यासाठी उघडं आहे असं वाटायला आधी घरात आणि शाळेत काहीतरी व्हावं लागतं. आपल्याकडे दहा-वीस रुपयांचं तिकीट हा अडसर नाहीच. जत्रेत पोराला पाळण्यात बसवायला बाप त्याहून जास्त देतो.

आता दुसऱ्या बाजूचं. त्यात जोर आहे, उगाच नाकारणार नाही. रुग्णाला मुंबईला किंवा कोल्हापूरला न्यायची वेळ येते, मुंबई-गोवा महामार्गाचं काम वर्षानुवर्षं रखडतं, अशा मुलखात संग्रहालयाच्या प्रेक्षकाची चर्चा चैनीची वाटते. मान्य. पर्यटनाचंही मान्य. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि पर्यटकाच्या पैशाने इथल्या अनेक घरांवर कौलांच्या जागी स्लॅब आला. गणपतीपुळ्याजवळचं 'प्राचीन कोकण' बघा, देवदर्शनाला आलेली माणसं तिथे तिकीट काढून जुना गाव बघतात आणि सांगणारा माणूस सोबत असला की ऐकतातही. हे नाकं मुरडण्यासारखं नाही. पण पर्यटक आयुष्यात एकदा येतो, तेही पाऊस सरल्यावर. उरलेले महिने ती इमारत कुणासाठी उभी आहे?

सगळ्यात वजनदार आक्षेप जतन करणाऱ्यांचा. ते म्हणतात, बाई, आधी वस्तू टिकू दे. इथे चार महिने पाऊस कोसळतो, हवेत बारा महिने मीठ, लोखंड आठवड्यात तांबूस होतं, कागदाला बुरशी, लाकडाला वाळवी. माणसं दोन, खोल्या दहा. 2005 आणि 2021च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने काय सोसलं ते सगळ्यांनी पाहिलंय. अशा ठिकाणी गर्दी बोलवायची, हात लावू द्यायचे, म्हणजे उरलंसुरलंही घालवायचं. या म्हणण्यापुढे मी बराच काळ गप्प होते. गप्प बसणं सोडलं ते कातळशिल्पांमुळे.

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, जांभ्यात कोरलेली ही चित्रं, कशेळीचा तो प्रचंड हत्ती, बारसूचा माणूस आणि त्याच्या दोन बाजूंची जनावरं, रुंढे तळी, देवाचे गोठणे, 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. शोधणाऱ्यांनी गावोगाव पायपीट केली, त्यांचे उपकार आहेतच. पण त्यांना वाट दाखवली कुणी? गुराख्यांनी, सड्यावर गवत कापणाऱ्यांनी, म्हाताऱ्यांनी. कुणी त्यांना पांडवांची चित्रं म्हणत होतं, कुणी नुसतीच चित्रं. या वारशाला ना भिंत ना छप्पर, ना खुर्चीत बसलेला शिपाई. ज्याची जमीन आहे त्याने कलमं लावायला कातळ फोडायचा ठरवला, किंवा चिऱ्याच्या खाणीला जागा दिली, तर काही हजार वर्षांचं काम जेसीबी एका दुपारात संपवतो. त्या जमीनमालकाला ते चित्र आपलं वाटलं तरच ते वाचतं. उक्षीला गाव उभं राहिलं म्हणून तिथला कोरलेला हत्ती राहिला. म्हणजे इथे 'जतन आधी की प्रेक्षक आधी' हा वादच उलटा पडतो. प्रेक्षक हाच राखणदार. भिंतीच्या आतल्या वस्तूंना हे लागू नाही असं कुणी म्हणेल. मग पुराचं पाणी शिरतं त्या रात्री पेट्या वरच्या मजल्यावर न्यायला कोण येतं ते सांगा. सही करून गेलेला पर्यटक येतो?

लाइट-साउंडवाल्यांबद्दल थोडक्यात. पडदे जरूर लावा. पण जुलैत वाऱ्यापावसाने तीन-तीन दिवस वीज जाणाऱ्या भागात, पहिल्या वर्षी उद्घाटन, दुसऱ्या वर्षी बंद पडलेली स्क्रीन आणि तिसऱ्या वर्षी तिच्यावर टाकलेलं कापड, हा क्रम आपण शाळांच्या डिजिटल वर्गांत पाहिलेला आहे. त्या पैशात रोवळी विणणाऱ्याला महिन्यातून दोन दिवस आणून बसवता येईल. त्याला वीज लागत नाही.

पुढचा मुद्दा कॅलेंडरचा, आणि मला वाटतं इथेच आपण सर्वांत जास्त हरतो. सरकारी कचेरीच्या वेळा, आठवड्याची सुट्टी, सणाची सुट्टी. कोकण घरी कधी असतं? गौरी-गणपतीला आणि शिमग्याला. मुंबई, ठाणे, पुण्याहून लाखो चाकरमानी येतात, घराघरात तीन पिढ्या एका वेळी असतात, दुपारी जेवून सगळे सुस्त, पोरं कंटाळलेली. त्याच दिवशी संग्रहालयाच्या दाराला कुलूप! 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका शाकारून ठेवलेल्या, माणसं जाळी विणत बसलेली, बोलायला मोकळी. किनाऱ्यावरच्या संग्रहालयांनी दर्यावर्दींकडून नौकांचे, जाळ्यांचे, वाऱ्यांचे शब्द गोळा करायचे तर हेच दोन महिने. पण ते ऑफ सीझन म्हणून सोडून दिलेले.

शिमग्याचंच बघा. ग्रामदेवतेला देऊळ असतं, तिथे ती वर्षभर असतेच, ज्याला हवं त्याने जावं. तरी वर्षातून एकदा पालखी निघते, खांद्यावर नाचते, वाडीवाडीतून घरोघर जाते. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या अंगणात देव येतो, ती ओटी भरते. देवाला हे करावंसं वाटलं, संग्रहालयाला का वाटू नये? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 साली बस काढली, वस्तू घेऊन शाळाशाळांत, खेड्यांत जाते. ती कल्पना बाहेरची म्हणून आपण कौतुक करतो. आपल्याकडे पालखी आहे, आणि टिळकांच्या जन्मगावात राहून आपण हे विसरावं याचं नवल वाटतं. 1893 पासून घरातला गणपती चौकात आणून त्यांनी जे केलं त्याला आजच्या भाषेत प्रेक्षक घडवणंच म्हणतात.

आणखी एक घरचा नमुना आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828चं, चिपळूणचं वाचन मंदिर 1864चं. राजे गेले, कंपनी गेली, राणी गेली, ही वाचनालयं राहिली. कशी? वर्गणीदारांमुळे. वर्गणीदार दरमहा पैसे भरतो, नवं पुस्तक का आलं नाही म्हणून काउंटरवर हुज्जत घालतो, वार्षिक सभेत उठून हिशेब विचारतो, कार्यकारिणीची निवडणूक लढवतो आणि पडला की दोन वर्षं कुणाशी बोलत नाही. या कटकटीलाच मी प्रेक्षक म्हणते. संग्रहालयाला 'भेट देणारे' आहेत, भांडणारे नाहीत. कुठल्या संग्रहालयाच्या वार्षिक सभेत कुणी विचारलंय की बाबा, रोवळीला टोपली का लिहिलंत?

आणि विचारावं असं वाटायला आत आपलं काही दिसावं लागतं. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय केलं. ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या, पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, वाद्यं. घरचीच माणसं बाहुली हातात घेऊन नाचवून दाखवतात. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, पण त्याच्या आधीपासून लोक तिथे शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून बघत होते. वॉशिंग्टनच्या ॲनाकोस्टिया भागात 1967 साली जुन्या सिनेमागृहात वस्तीसाठी म्हणून एक संग्रहालय निघालं. तिथल्या मुलांना विचारलं, तुमच्या घरात सगळ्यात मोठी गोष्ट कोणती? उंदीर. मग उंदरांवर प्रदर्शन झालं, खऱ्या उंदरांसकट, 1969 साली. विद्वानांनी डोक्याला हात लावला असेल. वस्तीने रांगा लावल्या.

आपला उंदीर कोणता? मला विचाराल तर मुंबई. या किनाऱ्याच्या प्रत्येक घराचा एक पाय तिथे आहे. आगबोटीने गेलेले, खलाशी झालेले, गिरणीत लागलेले, पलटणीत भरती होऊन दापोलीच्या कॅम्पात पेन्शन घेऊन परतलेले. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. अलिबागच्या बाजूला आजही ती तारीख घरातल्या मृत्यूसारखी सांगतात. 1982च्या गिरणी संपानंतर किती जण बिऱ्हाड आवरून परत आले, मनीऑर्डर थांबल्यावर गावच्या चुली कशा चालल्या, हे कुठल्या काचेमागे आहे? थिबा राजाचा राजवाडाही मला याच गोष्टीतला वाटतो. ब्रह्मदेशाचा राजा इथे कैदी म्हणून आला, 1916 मध्ये इथेच गेला, त्याचं कुटुंब परतलं. पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली आणि रत्नागिरीचीच झाली. घर सुटलेल्या माणसाचं दुःख कोकणाला समजावून सांगावं लागत नाही.

परवा आत्याकडे गेले होते. माळ्यावर मामांची, म्हणजे तिच्या यजमानांची, पत्र्याची ट्रंक आहे. हिरवा रंग उडालेला, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नाव, खाली मुक्काम-पोस्ट, तालुका, जिल्हा. आत गिरणीचा बिल्ला, मनीऑर्डरच्या पावत्यांची दोऱ्याने बांधलेली गड्डी, एक सनमायकाचं फुटकं झाकण का ठेवलंय ते कुणालाच माहीत नाही. मी म्हटलं, आत्या, ही संग्रहालयात द्यायला हवी. तिने बराच वेळ ट्रंकेवरून हात फिरवला. मग विचारलं, "देऊ की. पण मग ती बघायला मला तिकीट काढावं लागेल काय गो? आणि हात लावून देतील?"

ट्रंक अजून माळ्यावरच आहे.